सहा नट, तीन फेऱ्या

फोन आला तेव्हा मी मागच्या अंगणात कपडे वाळत घालत होतो.

"भाऊजी, मिळालं!" पलीकडून चिमण ओरडला.

"काय मिळालं?"

"काय म्हणून काय विचारता? गॅस्केट! तुमच्या म्हातारीचं. अहो, माझं लग्न जमवताना कुणी एवढे फोन केले नव्हते. रविवारी सकाळी येतो. हेड उघडू, नवं गॅस्केट घालू, संध्याकाळी गाडी रस्त्यावर."

"रविवारी मला जरा काम आहे."

"तुम्हाला? काम?" तो हसला. "चला, ठेवतो. भाचीला सांगून झालंय, तीही येतेय."

हातातला शर्ट पिळून झाला होता. तो मी परत पिळला.

चिमण हा माझ्या बायकोचा धाकटा भाऊ. लहानपणी चिमणीएवढं खायचा म्हणून बहिणीनेच ते नाव ठेवलं. आता वजन शंभराच्या पुढे गेलंय आणि आमच्या मागच्या दारातून त्याला जरा तिरकं होऊन यावं लागतं, पण नाव तेच राहिलं. त्याचं दुचाकी दुरुस्तीचं गॅरेज आहे. बायकोला मी कधी नावाने हाक मारली नाही. बोलताना 'ही' म्हणायचो आणि लिहितानाही तेच येतं. ही जाऊन तेरा महिने झाले.

गाडी माझ्या सासऱ्यांची. एका सिलिंडरची, साडेतीनशेची, माझ्या लग्नाच्याही बरीच आधीची. सासऱ्यांना सगळे अण्णा म्हणायचे. हात थरथरायला लागल्यावर त्यांनी ती मला दिली. चिमणला दिली नाही, कारण त्यांच्या मते चिमण घाईचा होता आणि मी सावकाश होतो. मी आयुष्यभर वजनकाटे दुरुस्त केले, त्यामुळे सावकाशपणाशिवाय दुसरं काही मला येतही नाही. गाडी देताना त्यांनी मला दोन दिवस शेजारी बसवून सगळं इंजिन उघडून दाखवलं, आणि एक नियम सांगितला. हेड कसायला बसलं की पुरं होईपर्यंत उठायचं नाही.

ज्यांना इंजिनाची माहिती नाही त्यांच्यासाठी सांगतो. खाली सिलिंडर असतो, त्याच्यावर हेड बसतं आणि दोघांच्या मध्ये एक पातळ गॅस्केट असतं. आतला जाळ बाहेर फुटू नये म्हणून. आमच्या गाडीच्या हेडला सहा नट आहेत. ते एकदम कसायचे नसतात. समोरासमोरचे घेत, तीन फेऱ्यांत कसायचे. पहिली फेरी हलकी, दुसरी मध्यम, तिसरी पूर्ण. अण्णांचं म्हणणं असं की मध्येच उठलात की कुठला नट किती झाला हे हाताला आठवत नाही, एक बाजू जास्त दबते आणि हेड कायमचं वाकडं होतं. त्या घरात हा नियम देवाच्या शब्दासारखा होता. पोस्टमन आला तरी दारातून सांगायचे, "अण्णा कसायला बसलेत." आमच्या घरातही तसंच झालं. मी कसायला बसलो की ही फोन उचलून सांगायची, "बसलेत ते. तासाभराने करा."

तेरा महिन्यांपूर्वी गाडीच्या हेडखालून फुसफुस आवाज यायला लागला. गॅस्केट जळलं होतं. नवं मिळालं, मी हेड उतरवलं, काजळी काढली, गॅस्केट घातलं, हेड ठेवलं आणि कसायला बसलो. सकाळची वेळ होती. शेड घराच्या मागे आहे, स्वयंपाकघराची खिडकी शेडसमोर उघडते, मध्ये दहा पावलं.

पहिली फेरी झाली. दुसऱ्या फेरीच्या दुसऱ्या नटावर होतो तेव्हा हिने हाक मारली. मी बसल्या जागेवरून उत्तर दिलं. तिसरी फेरी सुरू झाल्यावर हिने परत हाक मारली. मी परत उत्तर दिलं, जरा वैतागून. तिसरी हाक आली नाही. मी सगळे सहा नट पुरे केले. पहिला एकदा तपासून पाहिला. चिंधीने हात पुसले. मग आत गेलो.

ही ओट्याखालच्या कपाटाला पाठ लावून बसली होती. डोळे उघडे होते पण मला बघत नव्हती. ॲम्ब्युलन्स आली, दवाखान्यात नेलं, दुपारी संपलं. डॉक्टर म्हणाले, झटका मोठा होता, लगेच आणलं असतं तरी काही सांगता आलं नसतं. मी त्यांना 'लगेच' म्हणजे किती ते विचारलं नाही.

लेक परगावी गेली होती. तिने फोनवर रडत विचारलं, "बाबा, तुम्ही होतात ना? लगेच गेलात ना तिच्याकडे?" मी म्हणालो, "हो. भांडं पडल्याचा आवाज आला आणि हातातला पाना टाकून धावलो. पहिलीच फेरी झाली होती." ती म्हणाली, "बरं झालं बाबा, तुम्ही होतात." त्यानंतर जो जो भेटायला आला त्याला तिने हेच सांगितलं, आणि मी शेजारी बसून मान हलवली. भांडं पडलंच नव्हतं. ओट्यावर सगळं जागच्या जागी होतं.

तेव्हापासून गाडी शेडमध्ये चादरीखाली उभी. कार्ब्युरेटर, सायलेन्सर, रॉकरची झाकणं, सगळं एका डब्यात. आणि हेडचे सहा नट तिसऱ्या फेरीपर्यंत पक्के कसलेले. चिमणने त्यांच्यावर पाना ठेवला की पहिल्याच झटक्यात त्याला कळणार होतं. गाडी भंगारात घालावी असं मी दोनदा बोलून पाहिलं. लेकीने मला वेड्यात काढलं. म्हणाली, आईच्या माहेरची गाडी आहे ती, मला एकदा तिच्यावर मागे बसून जायचंय, आई बसायची तसं.

शनिवारी दुपारी जेवण झाल्यावर मी शेडमध्ये गेलो आणि चादर काढली.

पाना पहिल्या नटावर बसवला आणि जोर लावला. कट् असा आवाज झाला आणि नट सुटला. सोडतानाही मी समोरासमोरचे नट घेत होतो, थोडे थोडे, तीन फेऱ्यांत, जसं अण्णांनी शिकवलं होतं तसं. खोटेपणा करतानाही मी क्रम चुकवला नाही. मग सगळे नट पहिल्या फेरीइतके हलके कसून ठेवले. पाऊण तास लागला. काम नीट झालं होतं. चादर घालताना मला बरं वाटलं, आणि बरं वाटलं म्हणून दारातच बसून राहावं लागलं.

रविवारी चिमण सकाळीच आला. एका हातात पान्यांची पेटी आणि दुसऱ्या हातात वर्तमानपत्रात गुंडाळलेलं गॅस्केट, तेही छातीशी धरलेलं, जणू तान्हं बाळ आणलंय.

"दार रुंद करा हो भाऊजी कधीतरी."

"तू बारीक हो."

"दार स्वस्त पडेल."

मागोमाग लेक आली. ती एका शाळेच्या कार्यालयात काम करते. रविवार असूनही जुना शर्ट घालून, केस बांधून, कामाच्या तयारीनेच आली होती. तिने चादर ओढली आणि गाडीकडे बघत उभी राहिली.

"मामा, मला काहीतरी काम दे."

"कार्ब्युरेटर धू. पेट्रोलमध्ये. आणि नखं विसर."

"नखं कधीच विसरलेय. शाळेत दाखल्यांवर शिक्के मारून मारून."

तिने डबा उघडला आणि पाटावर बसून कार्ब्युरेटर धुवायला घेतला. चिमणने गाडीभोवती एक चक्कर मारली, वाकला आणि हेडकडे पाहू लागला.

"भाऊजी, याला हात लावला होता का कुणी? सगळ्या गाडीवर धूळ आहे, नटांवर नाही."

"मीच पुसले. तू येणार म्हणून."

"नट पुसलेत आणि टाकी नाही?" तो हसला. "वय झालं तुमचं."

त्याने पहिल्या नटावर पाना लावला. नट सहज फिरला. दुसरा फिरला, तिसरा फिरला.

"बघ भाची," चिमण म्हणाला, "हे असं हलकं राहिलं म्हणून गॅस्केट बदलायचं. वर्षभर अर्धवट दाबलेलं गॅस्केट भरवशाचं नाही."

"पहिलीच फेरी झाली होती ना," लेक पेट्रोलमध्ये बोटं घालून म्हणाली. "मी आमच्याकडे ह्यांना तेच ऐकवते. मी आतून हाका मारते आणि हे मोबाइलमध्ये. मी म्हणते, माझे बाबा बघा, हातातला पाना टाकून धावले, आणि तुम्हाला साधी मान वर करवत नाही."

"मग जावईबापू काय म्हणतात?"

"म्हणतात, तुझ्या बाबांनी माझं जगणं हराम केलंय."

चिमण मोठ्याने हसला. मीही हसलो. माझ्या खोट्यावरून माझ्या लेकीच्या घरात भांडणं होत होती आणि माझा जावई बिचारा त्याच्यापुढे कमी पडत होता, हे मला तोवर माहीत नव्हतं.

सगळे नट निघाले. चिमणने लाकडी हातोड्याने हेडला चारी बाजूंनी हळू ठोकलं. ते चिकटून बसलं होतं. दुसऱ्यांदा ठोकल्यावर सुटलं. त्याने दोन्ही हातांनी उचलून ते बाकावर उलटं ठेवलं आणि मग नखाने गॅस्केटची कड सोडवून ते वर काढलं.

नवं गॅस्केट शेजारीच कागदावर होतं. चिमणने जुनं उजेडात धरलं. मग ते नव्याच्या शेजारी ठेवलं. मग परत उचललं आणि त्याच्या आतल्या गोल कडेवरून अंगठा फिरवला. एकदा, आणि पुन्हा एकदा.

तेव्हा मला कळलं. नटांचा विचार करता करता मी गॅस्केट विसरलो होतो. नट सैल करता येतो. दबलेलं गॅस्केट परत फुगत नाही.

चिमणच्या चेहऱ्यावरचं हसू हळूहळू उतरलं. तो लेकीकडे वळून म्हणाला, "भाची, कोपऱ्यावरच्या हार्डवेअरमधून पॉलिश पेपर आण. अगदी बारीक. दोन आण."

"आत्ता?"

"आत्ता. नंतर ते जेवायला बंद करतात."

तिने हात पुसले, स्कूटरची किल्ली घेतली आणि गेली. स्कूटरचा आवाज लांब जाईपर्यंत चिमण थांबला.

"भाऊजी, हे पहिल्या फेरीचं नाही."

त्याने गॅस्केट माझ्यापुढे धरलं.

"काजळीचा ठिपका नाही, म्हणजे इंजिन सुरू झालेलं नाही. आणि कड पूर्ण बसलीय. हेडच्या रेघा उमटल्यात हिच्यावर, बघा. तिसरी फेरी झालीय. सगळीकडून सारखी. काम उत्तम केलंय तुम्ही." शेवटचं वाक्य त्याने टोमणा म्हणून म्हटलं नव्हतं. कारागीर कारागिराला सांगतो तसंच म्हटलं होतं, आणि तेच लागलं.

"हो," मी म्हणालो.

"मग आज नट सैल कसे?"

"काल दुपारी सैल केले. तुला कळू नये म्हणून."

तो पाने ठेवायच्या पेटीवर बसला. पेटी करकरली.

"आवाज ऐकून धावलात ते?"

"भांडं पडलंच नाही. तिने हाक मारली होती. दोनदा. मी पुरं करून उठलो."

"तुम्ही कसायला बसलाय हे तिला माहीत होतं?"

"खिडकीतून दिसत होतो मी तिला."

"आणि तरी हाक मारली?"

"हो."

चिमणने चेहऱ्यावरून हात फिरवला. गालाला काळा पट्टा उमटला.

"तुम्हाला माहीत नाही," तो म्हणाला. "ती सात-आठ वर्षांची असेल. पायात खिळा घुसला होता, आरपार. अण्णा कसायला बसले होते. ही दारात पाय धरून उभी. खाली रक्त सांडतंय. तोंडातून शब्द नाही. अण्णांनी शेवटचा नट कसला, मग ही म्हणाली, अण्णा, माझ्या पायात खिळा गेलाय. तसली मुलगी होती ती, भाऊजी. ती मध्येच हाक मारते, तीही दोनदा, आणि तुम्हाला काही वाटलं नाही?"

वाटलं होतं. तेच तर आहे. पहिल्या हाकेला वाटलं होतं की ही कधी अशी बोलवत नाही. ते मनात आलं, आणि मी पुढच्या नटावर पाना ठेवला.

"हेड वाकडं झालं असतं म्हणून—" मी म्हणालो.

"काही होत नाही." चिमणचा आवाज चढला. "काहीही होत नाही हो! मी दिवसातून दहा वेळा मध्येच उठतो. गिऱ्हाईक येतं, फोन येतो, चहा येतो. परत येऊन पहिल्यापासून फेरी मारायची, झालं. तो नियम अण्णांचा होता. इंजिनाचा नव्हता. अण्णांना कुणी मध्ये बोललेलं खपत नव्हतं, एवढंच होतं ते. मी तर म्हणूनच वेगळं गॅरेज काढलं."

हे मला कुणी सांगितलं नव्हतं. मी कधी विचारलंही नव्हतं. पस्तीस वर्षं मी तो नियम पाळला, कारण तो पाळताना मला कुणी हलवायचं नाही हे मलाही आवडत होतं.

"किती वेळ गेला?" त्याने विचारलं.

"बारा मिनिटं. पहिल्या हाकेपासून."

"तुम्ही घड्याळ बघत होतात?"

"नंतर मोजलं. पाना घेऊन इथे बसलो आणि नुसता हवेत फिरवत गेलो, अकरा नट, आणि तपासणीचा एक. बरेचदा मोजलंय. बाराच येतात."

चिमण माझ्याकडे बघत राहिला. त्याला माझी कीव आली की किळस, मला सांगता येणार नाही. दोन्ही असेल. तो बहिणीवर जीव टाकणारा माणूस आहे.

"भाचीला तुम्ही सांगा," तो म्हणाला. "मी सांगणार नाही. पण तिने मला विचारलं तर खोटंही बोलणार नाही. आजच सांगा. हे सगळं उघडं पडलंय तोवर."

"तिला ते धरूनच राहावंसं वाटतं रे. बाबा धावले, म्हणून. ते काढून घेऊ तिच्याकडून?"

"तुम्ही दिलंत ना? मग तुम्हीच काढा."

स्कूटर आली. लेक पॉलिश पेपरची गुंडाळी घेऊन आत आली. आमची तोंडं बघून दारात थांबली.

"काय झालं? हेड गेलं का?"

"हेड ठीक आहे," चिमण म्हणाला. तो उठला नाही. मला वाटलं होतं तो बाहेर जाईल. गेला नाही, बरं झालं. गेला असता तर मी परत काहीतरी दुसरं सांगितलं असतं.

मी तिला सांगितलं. उभ्यानेच, तिच्याकडे न बघता, सिलिंडरच्या भोकाकडे बघत. आवाज झाला नाही, हाका झाल्या. पाना टाकला नाही, काम पुरं केलं. हात पुसले. मग आत गेलो. काल नट सैल केले तेही सांगितलं. फार वाक्यं लागली नाहीत. तेरा महिने पोटात धरलं होतं ते एवढंसंच होतं.

पॉलिश पेपरची गुंडाळी तिच्या हातातच होती.

"म्हणजे तुम्ही धावला नाहीत."

"नाही."

"चालत गेलात."

"हो."

"हात पुसून."

"हो."

तिने पॉलिश पेपर बाकावर ठेवले. नीट, एकावर एक.

"मी विचारलं म्हणून 'हो' म्हणालात का? फोनवर?"

'हो' म्हणणं सोपं होतं. तिनेच वाट करून दिली होती.

"नाही," मी म्हणालो. "तू विचारलं नसतंस तरी मी तेच सांगितलं असतं. मला तुझ्यासमोर उभं राहायचं होतं."

ती पाटावर बसली. समोर पेट्रोलच्या ताटलीत कार्ब्युरेटर होता. त्यात तिने हात घातला नाही. मला वाटलं आता ती रडेल, किंवा ओरडेल, किंवा किल्ली उचलून जाईल. त्या तिन्हींची माझी तयारी होती. तेरा महिने तीच तयारी केली होती.

"दोन हाका म्हणालात," ती म्हणाली. "काय म्हणाली आई?"

मला काही समजलं नाही.

"काय म्हणजे?"

"हाक मारली म्हणजे काहीतरी म्हणाली असेल ना! काय म्हणाली? शब्द काय होते?" तिचा आवाज आता फुटला. "बाबा, मला वाटत होतं ती काही न बोलताच पडली. भांड्याचा आवाज, आणि संपलं. माझं तिचं शेवटचं बोलणं आदल्या दिवशीचं, माझ्या डब्याचं झाकण तुमच्याकडे राहिलंय का, एवढंच. तेरा महिने मी तेच शेवटचं म्हणून धरून बसलेय. डब्याचं झाकण. आणि तुम्हाला माहीत होतं ती काय बोलली ते? तुमच्याजवळ होतं ते?"

हे माझ्या डोक्यात कधीच आलं नव्हतं. मी स्वतःला लपवत होतो असं मला वाटत होतं. माझ्यामागे हिचे शब्दही लपले होते, ते मी पाहिलंच नव्हतं. भांडं पाडून मी हिला मुकी करून टाकली होती.

चिमणने मान खाली घातली आणि हाताला लागले ते नट ताटलीत गोळा करायला लागला.

"पहिल्यांदा म्हणाली, 'अहो, जरा आत येता का?'"

"मग तुम्ही?"

"'आलो, दोन मिनिटं.'"

"मग?"

"मग बऱ्याच वेळाने म्हणाली, 'झालं का हो?'"

"आणि तुम्ही?"

"'होतंय गं. कसतोय ना.'"

ती ते शब्द ओठातल्या ओठात म्हणून बघत होती. आवाज येत नव्हता, ओठ हलत होते.

"कसं म्हणाली?"

"म्हणजे?"

"रागावून? रडत? मोठ्याने? दुखत होतं का तिला? कसं म्हणाली?"

"मोठ्याने नाही. साधंच."

"म्हणून दाखवा."

"पोरी, मला ते—"

"म्हणून दाखवा, बाबा."

मी म्हणालो, "झालं का हो." चौकशीच्या खिडकीवर माणूस विचारतो तसं निघालं.

"असं नाही म्हणणार आई," ती म्हणाली. "ती 'हो' लांबवायची. नीट सांगा."

खरं होतं. ते मला तिच्यापेक्षा जास्त माहीत होतं. पाना हातात नसतानाही मी ते रोज ऐकत होतो, नळ उघडला की, कुलूप लावताना, आंघोळीला बसलो की. ऐकलं की दुसरं काहीतरी करायला घ्यायचो. तो आवाज तोंडाने काढायचा म्हणजे तो पूर्ण ऐकावा लागणार होता. मी डोळे मिटले. ही ताटं वाढायला घेण्याआधी विचारायची, तसाच होता तो. तक्रार नव्हती त्यात. तुमचं झालं असेल तर मी पुढचं बघते, अशा सुराचा. शेवटी जरा वर गेलेला. आणि त्या दिवशी मध्ये एका ठिकाणी श्वास अडकला होता, 'झालं'च्या नंतर, आणि ते मी तेव्हाही ऐकलं होतं.

मी तसं म्हणालो. पहिल्यांदा जमलं नाही, आवाज बसला. दुसऱ्यांदा जमलं. ताटलीत नट ठेवणारा चिमणचा हात तिथेच थांबला.

लेक गुडघ्यांवर कपाळ टेकून बसली होती. तिने मान वर केली नाही.

"परत," ती म्हणाली.

मी परत म्हणालो.